कुंपणानेच शेत खाल्ले, आणि आळ पाहुण्यावर!

मॉस्कोतील करखात्याच्या २५ आणि २८ क्रमांकाच्या कचेऱ्यांत २४ डिसेंबर २००७ रोजी कर-परताव्याचे अर्ज दाखल झाले. तीन कंपन्यांचे म्हणणे असे होते की, २००६ या वर्षी आपल्याला नफा झाला असे समजून आपण जो कर भरला, तो चुकून भरला. वास्तविक आपण तोट्यातच होतो. सबब भरलेली सर्व रक्कम परत मिळावी. रक्कम होती ५४० कोटी रूबल, म्हणजे त्या वेळच्या दराने सुमारे २३ कोटी अमेरिकी डॉलर. अर्ज ज्या दिवशी आला, त्याच दिवशी मंजूर झाला. लगेच दोन दिवसांनी पैसे खात्यात जमाही झाले. काही हजारांच्या परताव्यासाठी एके काळी वर्षानुवर्षे खेटे घातलेल्या भारतीय करदात्याला ही कार्यक्षमता पाहून हेवाच वाटेल!

हे पैसे ज्यांच्या हाती पडले, त्या कंपन्यांचा कागदोपत्री मालक कोण होता? व्हिक्टर मार्केलोव्ह नावाचा एक इसम. लाकडाच्या वखारीत काम केलेला, आणि मनुष्यवधाच्या गुन्ह्यात शिक्षा भोगून आलेला. अशा माणसाच्या कंपन्यांनी आदल्या वर्षी अब्जावधी रूबल कर भरला कसा आणि वर्ष उलटताच त्या कफल्लक झाल्या कशा, हा प्रश्न त्या दोन कचेऱ्यांतील एकाही अधिकाऱ्याला पडला नाही. की उत्तर आधीच ठाऊक असल्यामुळे तो पडण्याचे कारण उरले नव्हते?

या प्रकरणाने पुढे एका माणसाचा बळी घेतला, दोन महासत्तांचे संबंध बिघडवले आणि अनेक देशांच्या कायद्यांना एका मृत हिशेबतपासनिसाचे नाव दिले. परकीय गुंतवणूकदारांना रशियात कर आणि भ्रष्ट नोकरशाही यांच्या चरकातून कसे जावे लागते, याचे उदाहरण म्हणून ते जगभर सांगितले जाते. ते तसे आहेच. परंतु या प्रकरणाकडे केवळ 'परकीय विरुद्ध रशिया' अशा दृष्टीने पाहणे म्हणजे चोरांनी आखून दिलेल्या चौकटीत विचार करणे होय. कारण साधा प्रश्न विचारला पाहिजे : लुटलेला पैसा कोणाचा होता? तो परकीय भांडवलदाराचा नव्हता. त्याने तो कर म्हणून भरून टाकला होता. भरल्या क्षणापासून तो रशियाच्या राष्ट्रीय तिजोरीचा, म्हणजे रशियन जनतेचा होता. दरोडा पडला तो राष्ट्रावर. आणि घातला तो राष्ट्राने नेमलेल्या राखणदारांच्या साह्याने.

कम्युनिस्टाचा नातू

ज्याच्या कंपन्या पळवल्या गेल्या, तो बिल ब्राउडर हा काही साधुपुरुष नव्हे. त्याचे आजोबा अर्ल ब्राउडर हे अमेरिकन कम्युनिस्ट पक्षाचे सरचिटणीस. १९३६ आणि १९४० मध्ये ते त्या पक्षातर्फे अध्यक्षपदाची निवडणूकही लढले होते. भांडवलशाहीचे थडगे खणायला निघालेल्या आजोबांचा नातू सोव्हिएत साम्यवादाच्या थडग्यावर दुकान थाटायला मॉस्कोत गेला, यातला काव्यगत न्याय कोणाच्याही लक्षात यावा. एडमंड सफ्रा या धनाढ्य बँकमालकाच्या साह्याने त्याने १९९६ मध्ये हर्मिटेज कॅपिटल ही गुंतवणूकसंस्था उभी केली. साम्यवादी राजवट कोसळल्यावर रशियन जनतेची मालमत्ता मातीमोल भावाने विकली जात होती. तेलाच्या विहिरी, वायूचे साठे, पोलादाचे कारखाने मूठभर धनदांडग्यांच्या घशात जात होते. त्या लुटीच्या बाजारात हर्मिटेजने स्वस्तात समभाग घेतले, १९९८ च्या आर्थिक कोसळीत मोठा फटका खाल्ला आणि पुढे सावरून ती रशियातील सर्वांत मोठ्या परकीय गुंतवणूकदारांपैकी एक बनली.

करांच्या बाबतीतही तिचे वागणे निष्कलंक होते असे म्हणता येणार नाही. तिच्या काही कंपन्या मॉस्कोपासून दूर, कास्पियन समुद्राकाठच्या काल्मिकिया या प्रांतात नोंदवल्या होत्या, कारण तेथे करसवलत होती. अपंग कर्मचारी नेमल्यास सवलत वाढत असे; म्हणून तसे कर्मचारी कागदावर नेमले गेले. ब्राउडरच्या मते हे कायद्यात बसणारे होते. रशियन सरकारच्या मते ही करचुकवेगिरी होती. सरकारचा हा आक्षेप सर्वस्वी पोकळ मानण्याचे कारण नाही. पळवाटा शोधणाऱ्या परकीय कंपन्यांना कायद्याचा बडगा दाखवण्याचा अधिकार प्रत्येक सार्वभौम राष्ट्राला आहे. परकीय भांडवल म्हणजे गंगाजल नव्हे, हे दाभोळच्या एन्रॉनचा अनुभव घेतलेल्या महाराष्ट्राला तरी कोणी सांगण्याची गरज नाही.

या कथेतील एक धागा मात्र विशेष लक्षात ठेवण्याजोगा आहे. गाझप्रोमसारख्या अवाढव्य कंपन्यांतील अधिकारी कंपनीची मालमत्ता आपल्या सग्यासोयऱ्यांकडे कशी वळवतात, याच्या कहाण्या ब्राउडर वृत्तपत्रांना पुरवीत असे. व्लादिमीर पुतिन यांच्या पहिल्या कारकिर्दीत त्याचे हे उद्योग खपून गेले. कारण पुतिन यांनाही त्या धनदांडग्यांना वेसण घालायची होती. ऑक्टोबर २००३ मध्ये युकोस या तेलकंपनीचा मालक मिखाईल खोदोर्कोव्हस्की याला अटक झाली, तेव्हा या परकीय गुंतवणूकदाराने टाळ्या वाजवल्या. खंबीर शासक आला, आता शिस्त येईल, भ्रष्टाचार संपेल, असे तो जगाला सांगत सुटला.

आली ती कसली शिस्त? युकोसवर मागील करांच्या बाकीचे दावे एकामागून एक लावले गेले. कंपनीने उभ्या जन्मात फेडता येऊ नये इतकी ती रक्कम फुगली. डिसेंबर २००४ मध्ये तिची मुख्य तेल-उत्पादक उपकंपनी लिलावात निघाली आणि कोणी कधी नावही न ऐकलेल्या एका कंपनीने ती विकत घेतली. ही खरेदीदार कंपनी त्वेर शहरातील एका साध्या इमारतीच्या पत्त्यावर नुकतीच नोंदवली गेली होती! काही दिवसांतच ती रॉसनेफ्ट या सरकारी तेलकंपनीच्या पोटात गेली. खोदोर्कोव्हस्कीने आपले साम्राज्य सचोटीने उभारले होते असे कोणीच म्हणणार नाही. पण कर हे महसुलाचे साधन न राहता मालकी हिसकावण्याचे हत्यार बनले, ते या प्रकरणापासून. ते वरच्या मजल्यावर चालते हे दिसल्यावर खालच्या मजल्यावरचा पोलीस अधिकारी आणि कर निरीक्षक स्वस्थ बसतील कशाला? यथा राजा तथा प्रजा. दोन वर्षांनी, नोव्हेंबर २००५ मध्ये, ब्राउडर मॉस्कोच्या शेरेमेत्येवो विमानतळावर उतरला, तेव्हा राष्ट्रीय सुरक्षेस धोका म्हणून त्याला प्रवेश नाकारण्यात आला आणि परत पाठवण्यात आले.

शिक्के गेले, कंपन्या गेल्या

४ जून २००७ रोजी गृहखात्याच्या पोलिसांनी मॉस्कोत दोन ठिकाणी धाडी घातल्या. एक हर्मिटेजच्या कचेरीवर आणि दुसरी तिचे कायदा व कर यांचे काम पाहणाऱ्या फायरस्टोन डंकन या संस्थेवर. निमित्त होते एका वेगळ्याच कंपनीच्या कथित करबाकीचे. परंतु पोलिसांनी उचलून नेले ते भलतेच : हर्मिटेजच्या तीन कंपन्यांची मूळ नोंदणीपत्रे, घटनापत्रे आणि शिक्के.

रशियन व्यवहारात कंपनीच्या गोल शिक्क्याचे महत्त्व आपल्याकडील सातबाराच्या उताऱ्याहून कमी नव्हते. ज्याच्या हाती मूळ कागद आणि शिक्का, तो नोंदणी कार्यालयात जाऊन संचालक बदलू शकत असे, मालक बदलू शकत असे. हे शिक्के पोलिसांच्या ताब्यात असतानाच त्या तीन कंपन्या मूळ मालकांच्या नकळत मार्केलोव्हसारख्यांच्या नावावर चढल्या. पुढचा भाग तर कोणत्याही रहस्यकथेला लाजवील असा आहे. मागील तारखांचे बनावट करार तयार झाले. या कंपन्यांनी कोणाकोणाला प्रचंड रकमा देणे आहे, असे त्यांत लिहिलेले होते. त्या आधारे सेंट पीटर्सबर्ग, कझान आणि मॉस्को येथील न्यायालयांत दावे गुदरले गेले. कंपन्यांच्या वतीने जे वकील उभे राहिले, त्यांना खऱ्या मालकांनी कधी नेमलेच नव्हते. त्यांनी सर्व दावे निमूटपणे मान्य करून टाकले. न्यायालयांनीही पटापट निकाल दिले. अशा रीतीने जवळजवळ १०० कोटी डॉलरचे देणे कागदावर निर्माण झाले. देणे वाढताच २००६ चा नफा नाहीसा झाला, नफा नाहीसा होताच भरलेला कर 'चुकीचा' ठरला, आणि नाताळच्या सुमारास परताव्याचा तो अर्ज करखात्याच्या टेबलावर येऊन पडला.

मूळ मालकांना यातले काही कळलेच नाही असेही नाही. आपल्या कंपन्या पळवल्या गेल्या आहेत हे ध्यानात येताच त्यांच्या वकिलांनी डिसेंबर २००७ च्या प्रारंभीच वरिष्ठ अभियोक्त्यांकडे आणि तपास यंत्रणांकडे लेखी तक्रारी दाखल केल्या होत्या. परतावा मंजूर होण्याच्या आधी हातात पुरते तीन आठवडे होते. एक दूरध्वनी केला असता तर राष्ट्राचे ५४० कोटी रूबल वाचले असते. तो कोणी केला नाही.

तुरुंगातील ३५८ दिवस

हे सारे गौडबंगाल ज्याने कागद जुळवून उलगडले, तो सर्गेई मॅग्निट्स्की परकीय नव्हता. ओडेसा येथे १९७२ मध्ये जन्मलेला, मॉस्कोत स्थिरावलेला, फायरस्टोन डंकनमध्ये करविषयक काम पाहणारा तो रशियन हिशेबतपासनीस होता. पाश्चात्त्य प्रचारात त्याला पुष्कळदा वकील म्हटले जाते. तो वकील नव्हता. त्याने जून २००८ मध्ये आणि पुन्हा ऑक्टोबरमध्ये तपास यंत्रणेपुढे जबाब दिले. ज्यांच्या ताब्यात शिक्के होते, त्या पोलीस अधिकाऱ्यांची नावे त्याच्या जबाबांत होती. त्याच सुमारास ब्राउडरचे इतर सल्लागार लंडनला निघून गेले. मॅग्निट्स्की गेला नाही. आपण कायदा मोडलेला नाही, तेव्हा आपल्याला कशाचे भय, असे त्याला वाटत होते.

२४ नोव्हेंबर २००८ रोजी त्याला अटक झाली. आरोप करचुकवेगिरीला साह्य केल्याचा, त्याच काल्मिकियाच्या जुन्या प्रकरणातला. तुरुंगात पोटाचे दुखणे जडले. पित्ताशयातील खडे आणि स्वादुपिंडाचा दाह असे निदान झाले. १ ऑगस्ट २००९ रोजी पुन्हा तपासणी होऊन पुढे शस्त्रक्रियेचा विचार व्हायचा होता. त्याच्या आठवडाभर आधी त्याला जेथे उपचारांची सोय होती त्या मात्रोस्काया तिशिना तुरुंगातून काढून, ती नसलेल्या बुतिर्का तुरुंगात हलवण्यात आले. बुतिर्का हा झारच्या काळापासून कुप्रसिद्ध असलेला तुरुंग. औषधोपचारांसाठी त्याने केलेले अर्ज एकामागून एक फेटाळले गेले. १६ नोव्हेंबर २००९ रोजी प्रकृती पूर्ण ढासळल्यावर त्याला परत मात्रोस्काया तिशिनात आणले, तेही रुग्णशय्येवर नव्हे, तर एकांत कोठडीत. बाहेरून बोलावलेल्या डॉक्टरांना तासाहून अधिक काळ दाराशी ताटकळत ठेवले. ते आत गेले तेव्हा तो जमिनीवर मरून पडला होता. वय ३७. कोठडीतील दिवस ३५८. मागे आई, पत्नी आणि मुले.

रशियाच्या अध्यक्षांनीच नेमलेल्या मानवाधिकार परिषदेने २०११ मध्ये असा निष्कर्ष काढला की, त्याला उपचार नाकारण्यात आले होते आणि मृत्यूपूर्वी मारहाण झाली असावी असे मानण्यास आधार आहे. हा निष्कर्ष वॉशिंग्टनचा नव्हता, क्रेमलिनच्या छत्राखालील परिषदेचा होता. त्यानंतर काय झाले? तुरुंगातील एका डॉक्टरवर खटला भरला गेला. सरकारी पक्षानेच त्याला निर्दोष सोडावे अशी मागणी केली आणि डिसेंबर २०१२ मध्ये तो सुटला. मार्च २०१३ मध्ये मृत्यूचा तपास बंद झाला, गुन्हाच घडला नाही म्हणून. आणि जुलै २०१३ मध्ये मॉस्कोच्या न्यायालयाने मृत मॅग्निट्स्कीलाच करचुकवेगिरीत दोषी ठरवले. आरोपीच्या पिंजऱ्यात कोणी नव्हते. निकाल मात्र वाचला गेला. मेलेल्यावर खटला चालवण्याची ही गोष्ट विसाव्या शतकातील सोव्हिएत राजवटीलाही सुचली नव्हती!

देशभक्तीची शाल

आता या प्रकरणातील सर्वांत संतापजनक भागाकडे वळले पाहिजे. डिसेंबर २०१२ मध्ये अमेरिकेने मॅग्निट्स्कीच्या नावाचा कायदा करून संबंधित रशियन अधिकाऱ्यांना प्रवेशबंदी आणि मालमत्ता गोठवण्याची तरतूद केली. रशियाने त्याच महिन्यात प्रत्युत्तर दिले. ते कोणाला? रशियन अनाथ मुले अमेरिकन दांपत्यांनी दत्तक घेण्यावर कायद्याने बंदी घालण्यात आली. अमेरिकेत दत्तक गेलेला एक रशियन बालक २००८ मध्ये मोटारीत विसरला जाऊन मरण पावला होता. त्याचे नाव त्या कायद्याला चिकटले. बालकाचा तो मृत्यू हृदयद्रावक होता यात शंका नाही. परंतु तिजोरी लुटणाऱ्या अधिकाऱ्यांच्या परदेशवाऱ्या बंद झाल्या म्हणून अनाथालयातील पोरांच्या तोंडासमोरचे घर काढून घ्यायचे, आणि त्याला राष्ट्राचा स्वाभिमान म्हणायचे, हा कोणता राष्ट्रवाद?

अमेरिकेचा कळवळा निर्हेतुक आहे असे मानण्याइतके येथे कोणी भाबडे नाही. मानवाधिकारांचा दंडुका वॉशिंग्टन कोणावर उगारते आणि कोणाबाबत डोळे मिटते, हे सारे जग जाणते. २०१६ मध्ये तो कायदा जगातील सर्वच देशांना लागू करण्यात आला. त्याच्या वापरातही हीच निवड दिसते. ब्राउडरच्या कथनातही भेगा आहेत. एका रशियन दिग्दर्शकाने २०१६ मध्ये त्यावर प्रश्नचिन्ह लावणारा चित्रपट काढला, २०१९ मध्ये 'डेर श्पीगेल' या जर्मन साप्ताहिकानेही त्यातील विसंगती दाखवल्या. युरोपच्या मानवाधिकार न्यायालयाने ऑगस्ट २०१९ मध्ये जो निकाल दिला, त्यातही मॅग्निट्स्कीची मूळ अटक सर्वस्वी निराधार नव्हती असे म्हटले आहे. त्याच न्यायालयाने मात्र अपुरे उपचार, वाईट वागणूक, मृत्यूच्या चौकशीतील हेळसांड, समर्थनीय कारणांशिवाय लांबवलेली कोठडी आणि मरणोत्तर दोषसिद्धी या बाबतींत रशियाला दोषी धरले.

समजा, ब्राउडरचे निम्मे कथन अतिरंजित आहे. तरी २४ डिसेंबर २००७ चा परतावा खोटा ठरत नाही. तो लबाडीने उकळला गेला हे रशियाच्याच न्यायालयाने मान्य केले; मार्केलोव्हला त्यासाठी २००९ मध्ये पाच वर्षांची शिक्षा झाली. वखारीतला माणूस तुरुंगात गेला. ज्यांच्या सहीने २३ कोटी डॉलर एका दिवसात सुटले, ते अधिकारी 'फसवले गेले' असे ठरले. त्यांची फसवणूक झाली म्हणून त्यांच्याबद्दल सहानुभूतीच बाळगायची! ज्या गृहखात्याच्या अधिकाऱ्यांवर आक्षेप होते, त्यांतील काहींचा तर मॅग्निट्स्कीच्या मृत्यूनंतर वर्षभरातच उत्कृष्ट कामगिरीबद्दल गौरव झाला. पैसा मात्र देशोदेशीच्या बँकांतून फिरत राहिला. त्याचा माग काढताना एस्टोनियातील एका डॅनिश बँकेच्या शाखेपासून न्यूयॉर्कमधील सदनिकांपर्यंत धागे निघाले. न्यूयॉर्कच्या खटल्यातील कंपनीने गुन्हा मान्य न करता २०१७ मध्ये ५९ लाख डॉलर भरून तडजोड केली. रशियन जनतेचा पैसा परत आणण्यासाठी रशियन सरकारने किती धावाधाव केली? उलट २०१८ मध्ये रशियन अभियोक्त्यांनी ब्राउडरनेच मॅग्निट्स्कीवर विषप्रयोग करवला असावा, असा नवाच शोध लावला.

परकीयांविषयीचा संशय ही राष्ट्राची नैसर्गिक संरक्षक प्रवृत्ती आहे. तिचा सर्वांत मोठा अपमान परकीय करीत नाहीत. तिच्या आडून आपल्याच देशाला लुटणारे करतात. आपल्याकडेही, 'रशियाने या गोऱ्या भांडवलदारांना बरा धडा शिकवला' असे टाळी देऊन म्हणणारे पुष्कळ भेटतात. या प्रकरणात धडा गोऱ्या भांडवलदाराला मिळालेला नाही. तो लंडनमध्ये सुखरूप आहे, त्याचा निधी त्याने आधीच बाहेर काढला होता, आणि त्याच्या पुस्तकांवर त्याला कीर्तीही मिळाली. धडा मिळाला तो कागद नीट वाचणाऱ्या रशियन माणसाला.

येथे एक भेद स्पष्ट केला पाहिजे. वाईट करकायदा वेगळा आणि करखात्याच्या आडून केलेली चोरी वेगळी. भारतातही व्होडाफोन प्रकरण गाजले. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१२ मध्ये कंपनीच्या बाजूने निकाल दिल्यावर तत्कालीन संयुक्त पुरोगामी आघाडीच्या सरकारने पूर्वलक्षी दुरुस्ती करून तो फिरवला. देशाची जगभर नाचक्की झाली, आणि अखेर २०२१ मध्ये ती तरतूद संसदेनेच काढून टाकली. धोरण चुकीचे होते. पण वाद उघड न्यायालयात झाला, कायदा उघड संसदेत झाला आणि उघडपणे मागेही घेतला गेला. कोणाच्या कंपनीचे शिक्के रात्रीत दुसऱ्याच्या खिशात गेले नाहीत. न्यायालय सरकारविरुद्ध निकाल देऊ शकते, एवढ्या एका गोष्टीने हा फरक पडतो. जेथे ते देऊ शकत नाही, तेथे शासक कितीही खंबीर असला तरी भ्रष्टाचार संपत नाही; फक्त त्याचे भागीदार कमी होतात.

आता दुरून डोंगर साजरे नाहीत

हे सारे दूरच्या मॉस्कोचे रामायण आहे, आपल्याला काय त्याचे, असे म्हणण्याची सोय भारताला उरलेली नाही. रशियातील परकीय गुंतवणूकदार म्हणजे केवळ शेल आणि ब्राउडर नव्हेत. वाजपेयी सरकारच्या काळात, २००१ मध्ये, ओएनजीसी विदेश या आपल्या सरकारी कंपनीने सखालिन-१ या तेलप्रकल्पात २० टक्के वाटा घेतला. तो निर्णय दूरदृष्टीचा होता आणि त्याची फळेही मिळाली. २००९ मध्ये मनमोहन सिंग सरकारच्या काळात त्याच कंपनीने तोमस्क भागातील इम्पीरियल एनर्जी सुमारे २१० कोटी डॉलरना घेतली. अपेक्षेइतके तेल निघाले नाही, वरून खनिज उत्खनन कर आणि निर्यात शुल्क यांचे ओझे. सवलतीसाठी मॉस्कोकडे पुनःपुन्हा विनवण्या कराव्या लागल्या. भारताच्या महालेखापरीक्षकांनीही या खरेदीवर कठोर ताशेरे ओढले. त्यानंतर वान्कोर आणि तास-युर्याख या तेलक्षेत्रांत ओएनजीसी विदेश, इंडियन ऑइल, ऑइल इंडिया आणि भारत पेट्रोलियमची उपकंपनी यांनी मोठे भागभांडवल घेतले. रशियातील तेलक्षेत्रांत मोठा भारतीय सार्वजनिक पैसा अडकलेला आहे.

सखालिनचीच गोष्ट घ्यावी. शेजारच्या सखालिन-२ प्रकल्पात २००६ मध्ये रशियन पर्यावरण खात्याला एकाएकी जंगले आणि नद्या आठवल्या. दंडाच्या धमक्या सुरू झाल्या. डिसेंबरमध्ये शेल आणि तिच्या जपानी भागीदारांनी निम्म्याहून अधिक मालकी ७४५ कोटी डॉलरना गाझप्रोमला दिली, आणि खात्याची निसर्गचिंता ओसरली! ऑक्टोबर २०२२ मध्ये, युक्रेन युद्धाच्या धामधुमीत, सखालिन-१ एका हुकमाने नव्या रशियन कंपनीकडे गेला. प्रकल्प चालवणारी अमेरिकी एक्सॉन बाहेर पडली. भारताने अर्ज करून आपले २० टक्के राखले. परंतु स्वतःच विकत घेतलेल्या वाट्यासाठी पुन्हा अर्ज करावा लागला, हे विसरून चालणार नाही.

देश सोडून जाऊ पाहणाऱ्या 'अमित्र' राष्ट्रांच्या कंपन्यांची गत तर आणखी निराळी. डिसेंबर २०२२ मध्ये नियम झाला की, मालमत्ता निम्म्या किमतीत विकावी आणि वर १० टक्के रक्कम तिजोरीत 'ऐच्छिक' म्हणून भरावी. ऑक्टोबर २०२४ पर्यंत ही सूट ६० टक्क्यांवर आणि ते ऐच्छिक दान बाजारमूल्याच्या ३५ टक्क्यांवर गेले. हे गणित कोणीही करून पाहावे. जुलै २०२३ मध्ये दानोन आणि कार्ल्सबर्ग यांच्या रशियन कंपन्या सरकारी व्यवस्थापनाखाली घेतल्या गेल्या. दानोनच्या दुधाच्या कारखान्यांवर कोणाची नेमणूक झाली? चेचन्याच्या कृषिमंत्र्याची. ते तेथील सर्वेसर्वा रमझान कादिरोव्ह यांच्या नात्यातले. युद्ध, निर्बंध, प्रतिनिर्बंध ही सारी कारणे खरी असतील. पण कारणे बदलली तरी हात त्याच टोळीचे राहतात.

भारत 'मित्र' राष्ट्रांच्या यादीत आहे, आणि ही मैत्री १९७१ पासून कसोटीला उतरलेली आहे. ती टिकली पाहिजे, याबद्दल दुमत नाही. मात्र २०२२ नंतर आपल्या सरकारी तेलकंपन्यांना मिळणारा लाभांश भारतात आणणे अशक्य झाले आणि तो रशियन बँकांत रूबलच्या रूपाने साठत गेला, हेही तितकेच खरे आहे. हा पैसा भारतीय जनतेचा आहे. तो किती साठला, कोणत्या खात्यांत आहे, त्यावर तेथे कोणता कर कापला गेला आणि तो किती वर्षांत आणि कोणत्या मार्गाने परत येणार, याचा तपशील पेट्रोलियम मंत्रालयाने संसदेच्या पटलावर ठेवला पाहिजे. आणि त्या खात्यांचे शिक्के कोणाच्या ताब्यात आहेत, हेही एखाद्या खासदाराने विचारावे.